झगा समिती, मावला

मला पाच लिहायचे होते. मोबाइलवर पन्नास झाले. पाचापुढे शून्य कुठून आलं ते मला आजही माहीत नाही. शून्याचा शोध आपल्याच देशात लागला, तेव्हा ते कुठेही उगवू शकतं, असं मी मनाची समजूत घालण्यासाठी म्हणतो. पण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत बावीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाने 'माफ करा, एक शून्य जास्त पडलं' असं गल्लीच्या ग्रुपवर जाहीर करावं, हे माझ्या पदाला शोभलं नसतं. शिवाय दोन मिनिटांत टाळ्या वाजवणारे सतरा हात येऊन पडले होते.

संदेश असा होता : 'आपल्या आरोग्यसेविकांसाठी आम्ही ५० संरक्षक झगे शिवून देत आहोत. — बाबाराव सर.'

हे दोन हजार वीसच्या एप्रिलमधलं. टाळेबंदी लागली होती. बाबासाहेबांची जयंतीसुद्धा आम्ही घराघरात मेणबत्ती लावून साजरी केली होती, आणि तेलुगू मुलखातल्या या मावल्यात, आमच्या गल्लीत, भाजीवाला सोडला तर कोणी फिरकत नव्हतं. आमच्या समोर केशवरावांचं घर. त्यांच्या वरच्या खोलीत प्रीती भाड्याने राहायची. मुलगी बोथ गावाकडची, हायवेजवळच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. केंद्राचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथले स्टोअरकीपर अजून नोकरीत आहेत.

त्या दिवशी सकाळी माझी बायको प्रतिभा अंगणात सडा टाकत होती. प्रीती स्कूटी काढताना तिला दिसली. अंगात रेनकोट, डोक्याला टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. ऊन आठ वाजताच चटके देत होतं.

"काऊन वं प्रीती, पाऊस येऊन राह्यला का?"

"नाही ताई. तापाच्या पेशंटपाशी जा लागते. किट आल्या त्या वरच्या लोकायलेच पुरल्या नाही. मंग भावाचा रेनकोट घातला."

प्रतिभा आत आली, चहा माझ्यासमोर आपटला आणि म्हणाली, "आपण शिवू."

आमच्या घरात 'आपण' या सर्वनामाचा अर्थ 'तुम्ही' असा होतो. म्हणून मी मोबाइल उचलला, आणि पुढे ते शून्य पडलं.

अर्ध्या तासात केशवराव ओट्यावर हजर झाले. ते तहसील ऑफिसातून रिटायर झालेले. अडतीस वर्षं नोकरी केली, पण नोकरीने अजून त्यांना सोडलेलं नाही. तहान लागली तरी ते आधी दरख्वास्त लिहितील आणि मंजुरी आली की पाणी पितील.

"मास्तर," ते म्हणाले, "काम चांगलं हाय. पण असं मोघम नाही चालत. समिती पाह्यजे. मिसल पाह्यजे, कागदाची फाईल. उद्या कोणी चौकशी लावली तर दाखवसान काय?"

"झगे दाखवू," मी म्हणालो.

"झगे नाही, कागद दाखवा लागते."

दुपारपर्यंत समिती झाली. केशवराव अध्यक्ष, मी सचिव, इलेक्ट्रिकच्या दुकानाचा नागेश उपाध्यक्ष, आणि आणखी दोन सद्‌गृहस्थ सदस्य. पाचही जण पुरुष, आणि पाचांपैकी एकालाही सुईत दोरा ओवता येत नव्हता. नागेशने प्रयत्न करून पाहिला. त्याने दोऱ्याचं टोक टेस्टरने सरळ केलं.

शिवणकाम येणारी व्यक्ती आमच्या गल्लीत एकच, असं समितीला वाटत होतं : मनकर्णाबाई. टोकाच्या घरात एकटी राहते, वय सत्तरच्या आसपास. उमर गेली दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचण्यात. नवरा गेल्यावर तिने एक जुनी मशीन घेतली आणि तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्या बायांचे ब्लाउज, परकर तिच्या हातचे. तिला समितीत घ्यावं, असं प्रतिभाने सुचवलं. केशवराव म्हणाले, "तिले काम सांगू न. समितीत कायले?" ठराव मंजूर झाला. सचिव या नात्याने मीच तो वहीत लिहिला. सुंदर अक्षरात.

आता कापड. दुकानं बंद. प्रतिभाचं माहेर बेल्याचं. तिने फोन फिरवले आणि तासाभरात बातमी काढली की, तिच्या माहेरच्या शेजारी चंपतराव नावाचे शेतकरी आहेत, त्यांच्या मुलाचं, देवानंदचं, लग्न मार्चअखेर ठरलं होतं. पाहुण्यांना नारळ घालून द्यायच्या पिशव्यांसाठी त्यांनी कापडाचा आख्खा गठ्ठा छापून आणला होता. ते ना धड कापड ना धड प्लास्टिक, असं असतं ते. एका बाजूने चकचकीत, पाणी मुरत नाही. लग्न थांबलं, गठ्ठा कोठीत पडला.

"घेऊन जा न बाप्पा," चंपतराव फोनवर म्हणाले. "लगन तं होऊन नाही राह्यलं. उंदरं खाईन त्यापरीस नर्सबाईच्या आंगावर शोभीन."

बेल्याला जायला पास लागत होता. पासच्या अर्जात प्रवासाची कारणं चारच होती : मयत, दवाखाना, शेती, अत्यावश्यक माल. 'झगा' हे कारण नव्हतं. खिडकीतल्या तरुणाने मला दोनदा विचारलं, मी दोनदा समजावलं. शेवटी त्याने बेला हे गाव वाचलं आणि स्वतःच्या अकलेने 'शेती : कापूस' असं टाकून शिक्का मारला. मी म्हणालो, हे खरं नाही. तो म्हणाला, "सार, सिस्टीम में यही है." सिस्टीमपुढे मी बावीस वर्षं मान झुकवत आलोय. झुकवली.

जाताना अडचण आली नाही. येताना मोटरसायकलला आडवा गठ्ठा बांधला होता, मी त्याच्या पुढे पेट्रोलच्या टाकीवर कसाबसा बसलो होतो, आणि चेकपोस्टवर कॉन्स्टेबलने काठी आडवी धरली.

"एक्कडिकि सार?" कुठे निघालात, असं त्याने तेलुगूत विचारलं आणि पास वाचला. मग गठ्ठ्याला काठी टोचली. "कपास किधर है?"

"यही है," मी म्हणालो. आयुष्यात मी अनेक मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलंय.

त्याने गठ्ठ्याचं टोक उलगडलं. पांढऱ्यावर लाल अक्षरं होती. दर दीड फुटावर दोन कलश, मध्ये 'देवानंद व पूनम', आणि खाली, 'आपण आलात, आम्हाला आनंद झाला'. कॉन्स्टेबलला मराठी येत असावी. त्याने मजकूर वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि मास्कच्या आत हसल्यासारखं केलं. "जाओ दूल्हे राजा," तो म्हणाला. माझं वय तेव्हा एकोणपन्नास होतं.

मजकूर आतल्या बाजूने वळवावा, असं मी सुचवलं. मनकर्णाबाईने कापडावर तांब्याभर पाणी ओतलं. छापलेल्या बाजूवरून ते घरंगळलं. उलट्या बाजूने चिंब झालं. "जिकून पानी निसटते ते बाजू बाहीर," ती म्हणाली. "लोकं वाचतीन तं वाचू दे. वाचल्यानं रोग नाही होत."

मापाचं काम मी माझ्याकडे घेतलं. मी म्हणालो, प्रत्येक नर्सचं माप घेणं अशक्य आहे, म्हणून सरासरी काढू. समितीच्या पाच जणांची छाती, पोट, उंची मोजली, बेरीज केली, पाचाने भागलं. भागाकार बिनचूक होता. फक्त पाचही जण टाळेबंदीत तीन आठवडे बसून खाणारे मध्यमवयीन पुरुष होते, ही गोष्ट सूत्रात कुठेच बसत नव्हती. त्यावरून मी काढलेला झग्याचा आलेख मनकर्णाबाईने उलटासुलटा करून बघितला.

"मास्तर, हे नर्ससाठी हाय का म्हशीसाठी?"

"सरासरी आहे मावशी."

"आणि ह्याले मांगून उघडं कुठं हाय? घालाचं कसं?"

"उघडं ठेवलं तर जंतू शिरतील. खालून डोकं घालायचं."

ती आलेख गुंडाळत म्हणाली, "तुमी घालून दाखवसान." आणि मशीनवर बसली.

याच दोन दिवसांत केशवराव आणखी एक कागद घेऊन आले. हा समितीचा नव्हता. 'विनंतीअर्ज' असं वर लिहिलेलं. गल्लीच्या सुरक्षिततेसाठी प्रीतीने खोली सोडून दुसरीकडे सोय बघावी, ही नम्र विनंती. खाली अकरा दस्तखत. माझ्याखेरीज समितीतले चारही जण त्यात होते.

"तिच्यासाठी झगे शिवून राह्यलो आपण," मी म्हणालो.

"मंग! झगे बी शिवू, विनंती बी करू. ते वेगळी मिसल, हे वेगळी मिसल. रोज दवाखान्यातून येते, वरच्या जिन्यानं जाते. माह्या घरात नातू हाय मास्तर."

मी कागद वाचला. 'सुरक्षितता' हा शब्द तीन ठिकाणी चुकला होता. मला चुकलेला शब्द बघवत नाही. मी तो तिन्ही ठिकाणी दुरुस्त केला. मग एवढं केलंच आहे, तर सही न करणं उद्धटपणाचं दिसेल, असं वाटून सही केली. हे मी इथे सांगतोय, कारण पुढे ते सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रतिभाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

पहिला झगा तयार झाला. दुपारचे दोन वाजले होते, ऊन त्रेचाळीसच्या वर. आमच्या बैठकीत मी झगा घातला. खालून डोकं घातलं, वर टोपी आली, तोंडापुढे शाळेतल्या प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदाची काच. पोटाशी ऐसपैस, गळ्याशी घट्ट. मी आरशात पाहिलं, तर आरसा वाफेने भरला होता. म्हणजे आरसा नाही, काच. दोन मिनिटांत आत घामाचा नळ सुटला. ते कापड अंगाला असं चिकटलं, की वर ओढलं तर गळा आवळायचा आणि खाली ओढलं तर टोपी नाकावर यायची. प्रतिभाने पाय धरून ओढलं. मी पडलो.

"कात्री आणा!"

"कात्री मनकर्णामावशीकडं हाय, तुमीच दिली न समितीची म्हणून!"

तेव्हा मी धावलो. काचेतून काही दिसत नव्हतं, म्हणून दोन्ही हात पुढे धरून, भिंती चाचपत, भरदुपारी, गल्लीच्या मधोमध. नागेशच्या दाराला मी धडकलो. आतून अर्पिता, नागेशची बायको, किंचाळली. पटापट दारं लागण्याचा आवाज आला. कोणीतरी ओरडलं, "पेशंट सुटला, पेशंट!" मी वळून "अरे मी आहे" असं म्हणालो, पण टोपीच्या आत ते 'हॅ हॅ' असं काहीतरी ऐकू आलं असावं. माझ्या पाठीवर लिहिलं होतं की आपण आलात, आम्हाला आनंद झाला.

मनकर्णाबाईने मला ओट्यावर बसवलं आणि कणसाची पानं सोलावीत तसं सोललं. कात्रीच्या प्रत्येक कापासोबत ती एकच शब्द म्हणत होती, "सरासरी. सरासरी."

तेवढ्यात आरोग्य खात्याची गाडी आली. गल्लीत संशयित रुग्ण मोकाट फिरतोय, असं कोणीतरी हेल्पलाइनला कळवलं होतं. 'कोणीतरी' म्हणजे केशवराव. त्यांनी माझ्या घराचा नंबर, चतुःसीमा आणि माझ्या वडिलांचं नावसुद्धा सांगितलं होतं. पथकातल्या मुलीने माझ्या लालबुंद कपाळावर ते पिस्तुलासारखं यंत्र रोखलं. ताप एकशे दोन भरला.

"तो उन्हाचा आहे," मी म्हणालो. "झग्याचा आहे."

तिने सावलीत बसवून पुन्हा मोजलं. अठ्ठ्याण्णव. पण तोवर तिच्या सोबतच्या गृहस्थांनी रजिस्टरमध्ये नाव चढवलं होतं. नाव एकदा चढलं, की चौदा दिवसांशिवाय उतरत नाही, असं ते फार नम्रपणे म्हणाले. दारावर कागद चिकटला. हातावर शिक्का बसला. ज्या हाताने मी सात पिढ्यांना पाढे शिकवले — सात जरा जास्त झाल्या, पण अपमानात माणसाचा हिशेब वाढतोच.

दुसऱ्या दिवसापासून दूधवाला आमचं दार टाळू लागला. नागेश त्याच्या खिडकीतून आमच्याकडे बघायचा आणि खिडकी पुसायचा. समितीच्या ग्रुपवरून मला कोणी काढलं नाही, पण अध्यक्षांनी 'सचिवपद तात्पुरतं नागेश सांभाळतील' असा ठराव टाकला. त्यात दोन चुका होत्या.

आमच्या फाटकाशी रोज यायची ती एकटी प्रीती. ड्युटीवरून येताना दुधाची पिशवी आणि भाजी फाटकावर अडकवायची, आणि सहा फूट मागे सरून विचारायची, "ताई, खोकला नाही न? सरायले ताप?" तिसऱ्या दिवशी तिने पिशवी अडकवली आणि गेली नाही.

"सर," ती म्हणाली, "तो कागद भेटला मले. 'सुरक्षितता' तीन जागी लाल पेनानं दुरुस्त केलं हाय. अख्ख्या गल्लीत लाल पेन कोणापाशी हाय?"

मी व्हरांड्यात उभा होतो. माझ्या शर्टाच्या खिशात ते पेन होतं. प्रतिभा माझ्या मागे उभी होती.

"रागानं नाही म्हणत," प्रीती म्हणाली. "खोली तं मी सोडलीच. काल मनकर्णामावशीनं सामान नेलं माह्यं. ते म्हणे, मी म्हातारी हाय, मले मराची जल्दी नाही पण भेव बी नाही. मी फक्त सांगाले आली, का उद्यापासून दूध मावशीच्या घराकून आणीन, जरा उशीर होईन."

ती गेल्यावर प्रतिभाने मला काहीच म्हटलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढचे दोन आठवडेही नाही. दोन खोल्यांचं घर, बाहेर जायला बंदी, आणि बायको बोलत नाही, ही शिक्षा कायद्यात कुठेही लिहिलेली नसावी, नाही तर लोकांनी गुन्हे केले नसते. मी केशवरावांना फोन केला, माझी सही परत घ्यायची आहे म्हणून. ते म्हणाले, सही परत घेता येत नाही, फार तर स्वतंत्र दरख्वास्त देऊन हरकत नोंदवता येते. मी दरख्वास्त लिहिली. काळ्या पेनाने. ती त्यांनी मिसलला लावली.

इकडे गल्लीच्या टोकाला मशीन चालू होती. मनकर्णाबाईने माझा आलेख चुलीत घातला, आणि प्रीतीला समोर उभं करून माप घेतलं. परकराला नाडी असते तशा पाठीमागे तीन नाड्या, कापड मागून एकावर एक येईल असं. अंगात घालायला अर्धं मिनिट, काढायला एक झटका. अर्पिता आणि आणखी दोघी आपापल्या मशीनवर बसल्या. अर्पिताने नागेशला सांगितलं, की तुमी खिडकी पुसा, मी येते. चौदा दिवसांत सत्तेचाळीस झगे झाले. तीन झग्यांचं कापड माझ्या सरासरीत गेलं होतं.

माझा कागद दारावरून निघाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी झगे द्यायला आम्ही आरोग्य केंद्रावर गेलो. समिती धुतलेल्या कपड्यांत, वर्तमानपत्राचा फोटोवाला सोबत. बायका मागे गाठोडी घेऊन. स्टोअरकीपरने एक झगा हातात घेतला, मजकूर वाचला, परत ठेवला.

"हे स्टोअरमध्ये घेता येत नाही. ह्याला सर्टिफिकेट नाही. कोणत्या कंपनीचा आहे?"

"समितीचा," केशवराव म्हणाले आणि मिसल पुढे केली. चाळीस पानांची होती. स्टोअरकीपरने ती चाळली, आदराने. दोघं एकमेकांना बरोबर ओळखत होते. तो म्हणाला, वरून परवानगी मागवा, तोवर माल बाहेर ठेवा. केशवराव म्हणाले, बरोबर आहे, पद्धतीने झालं पाहिजे.

ही चर्चा चालू असताना आतून सात-आठ जणी बाहेर आल्या. प्रीती पुढे होती. कोणीही कोणाला काही विचारलं नाही. गाठोडी त्यांनी फाटकातच सोडली, एकेकीने झगा चढवला, पाठमोऱ्या उभ्या राहून एकमेकींच्या नाड्या बांधल्या. मनकर्णाबाई गुडघ्यावर बसून प्रीतीच्या झग्याचा खालचा काठ ओढून बघत होती. आणि मग त्या रांगेने आत गेल्या. आठ पाठी. आपण आलात, आम्हाला आनंद झाला. बाहेर ओट्यावर तपासणीसाठी बसलेला एक म्हातारा ते मोठ्याने वाचत होता आणि हसता हसता खोकत होता.

फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. केशवराव झगा पसरून उभे, शेजारी नागेश, आणि कडेला माझा अर्धा कान. मनकर्णाबाई खाली बसलेली होती, म्हणून आली नाही. 'मावल्यातील ज्येष्ठ नागरिकांची माणुसकी' असा मथळा होता. केशवरावांनी तो फ्रेम करून वरच्या रिकाम्या खोलीच्या जिन्यात लावला. खोली पुढे दीड वर्ष रिकामीच राहिली. मालकाची ख्याती नर्सच काय, शिपायापर्यंत पोचली होती.

पण आरोग्य केंद्रातून निरोप आला, की आणखी तीस पाहिजेत. कापड चंपतरावांनीच आणखी पाठवलं. मी मनकर्णाबाईच्या घरी गेलो. बैठकीत प्रीतीचा पलंग टाकलेला होता, ड्युटीवरून येऊन ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी दारातच उभा राहिलो. 

"उभे कायले?" मनकर्णाबाई हळू आवाजात म्हणाली. "बसा. नाड्या उलटवा."

नाडी उलटवणं म्हणजे शिवलेली पट्टी सेफ्टी पिनने आतून बाहेर काढणं. सोपं दिसतं. मी खाली चटईवर बसलो, चष्मा पुसला, आणि दुपारभर वीस नाड्या केल्या. मध्ये प्रतिभा आली. तिने मला पाहिलं, एक पिन माझ्या हातातून घेऊन उलटी धरलेली सरळ करून दिली, आणि म्हणाली, "इकडून." पंधरवड्यात तिचा माझ्याशी तो पहिला शब्द.

संध्याकाळी मनकर्णाबाईने माझ्या नाड्या एकेक करून उजेडात धरल्या. अठरा उसवून टाकल्या. दोन राहू दिल्या.